उदगीरची मोहीम आणि वैरणीचा हिशेब

लढाई म्हटली कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें प्रथम तलवार येते, मग घोडा येतो आणि घोड्यावर बसलेला मंदिलवाला वीर येतो. तो घोडा सकाळीं काय खाऊन निघाला, त्याच्या खुरांस नाल कोणीं ठोकले, त्या वीराचा पगार किती महिने थकला होता, ह्या गोष्टी चित्रांत काढतां येत नाहींत. म्हणून त्या कोणी विचारीतही नाहीं. वीस वर्षें इतिहास शिकवितांना मला असें आढळून आलें आहे कीं, सेनापतींचीं नांवें मुलें पाठ करितात आणि परीक्षा झाली कीं विसरतात; परंतु एका घोड्यास दिवसाला किती वैरण लागते हें एकदां कळलें, म्हणजे लढायांचे निकाल त्यांस पुष्कळ अंशीं आपोआप उमगूं लागतात. सैन्यांची रचना कशी असे, त्यांजपाशीं साहित्य काय असे, आणि त्या सर्वांचा भार शेवटीं कोणाच्या शिवारावर पडत असे, हें समजून घेण्यास आपल्या निलंग्याच्या भोंवतालचा मुलूख फार सोईचा आहे. आमचे पालक बहुतेक शेतकरी आहेत. त्यांस तर हा विषय माझ्यापेक्षांही चांगला समजेल.

महाविद्यालयांत असतां मी ह्या विषयाचा पहिला धडा घेतला तो मात्र फार दूरच्या देशांतला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्यें १३३७ पासून १४५३ पर्यंत जें रेंगाळलेलें युद्ध चाललें, त्यास शतवार्षिक युद्ध म्हणतात. त्यांतील आझिंकूरची लढाई (२५ ऑक्टोबर १४१५) सर्वांस ठाऊक आहे: चिखलांत रुतलेले चिलखती फ्रेंच सरदार आणि त्यांजवर बाणांचा पाऊस पाडणारे इंग्रज तिरंदाज. माझें मन त्या बाणांपेक्षां अधिक गुंतलें तें कागदांत. इंग्लंडचा राजा आपल्या सरदारांशीं लेखी करार करी. इतके चिलखती स्वार, इतके तिरंदाज, इतके महिने, अमुक दरानें. एकाच कातड्यावर तो मजकूर दोनदां लिहून मधोमध दांतेरी रेघेनें कापीत. अर्धा राजापाशीं, अर्धा सरदारापाशीं. तंटा पडला तर दोन तुकडे जुळवून पाहावयाचे. चिलखती स्वारास रोजचे बारा पेन्स आणि तिरंदाजास सहा, असा सामान्यतः दर होता. हजेरीचे पट होत, आणि त्यांतले कित्येक आजही लंडनच्या दप्तरखान्यांत जपून ठेविलेले आहेत. चौदाव्या शतकांत तर मोहिमेपूर्वीं प्रत्येक घोड्याची किंमत ठरवून लिहून ठेवीत आणि तो चाकरींत मेला तर राजा भरपाई देई. बाणांस पिसें लागतात. म्हणून पांचव्या हेन्रीनें १४१७ सालीं परगण्यापरगण्यांच्या अंमलदारांस हुकूम सोडला कीं, हंसांच्या पंखांतून प्रत्येकीं सहा पिसें काढून सरकारांत जमा करावीं! राजाची लढाई खेड्यांतील म्हातारीच्या हंसापर्यंत जाऊन पोहोंचते ती अशी.

फ्रान्सची गोष्ट ह्याहून बोधक आहे. तेथें तह झाला कीं सैनिकांचा पगार बंद होई, आणि पगार बंद झालेले सैनिक घरीं न जातां टोळ्या करून खेडीं लुटीत. लोकांनीं त्यांस नांव दिलें होतें ‘कातडें सोलणारे’. शेवटीं सातव्या चार्लस राजानें १४४५ मध्यें त्यांतून निवडक लोक घेऊन कायमच्या पगारी पलटणी उभारल्या. शंभर ‘भाल्यांची’ एक पलटण. आणि एक ‘भाला’ म्हणजे एक मनुष्य नव्हे, तर सहा: एक चिलखती स्वार, एक त्याचा शस्त्रधारी साथीदार, एक पोऱ्या, दोन तिरंदाज आणि एक चाकर. इतिहासांत नांव यावयाचें तें त्या पहिल्याचें. बाकीचे पांच हिशेबांत असतात, गोष्टींत नसतात.

आतां हा सगळा खटाटोप सोडून आपल्या देशाकडे वळूं. छत्रपति शिवाजी महाराजांच्या फौजेची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेविली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदार मिळून एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, आणि सर्व घोडदळावर सरनोबत. जुमलेदारास सालीना पांचशें होन, हजारीस एक हजार. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारी पागेंतला. शिलेदार म्हणजे जो आपला घोडा आणि आपलीं हत्यारें घेऊन चाकरीस येई. ह्या दोघांतला भेद मुलांनीं नीट ध्यानांत ठेवावा. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचा पडला. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचा संसार पडला. इंग्लंडच्या राजानें घोड्यांची किंमत लिहून ठेविली ती ह्याच कारणास्तव. ज्याचें सर्वस्व त्याच्या मांडीखालीं आहे, तो तें तोफेच्या तोंडीं देतांना दोनदां विचार करणारच. त्यास भित्रा म्हणण्यापूर्वीं त्याच्या जागीं बसून पाहावें.

ह्याच सभासदाच्या मांडणींत एक लहानशी नोंद आहे. दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. एक पाणी वाहणारा, एक नाल ठोकणारा. ही नोंद मी वर्गांत फळ्यावर लिहितों तेव्हां मुलें हंसतात, कारण तोंपर्यंत त्यांस अफझलखानाची भेट ऐकावयाची घाई झालेली असते. पण मला विचाराल तर त्या फौजेचें सामर्थ्य ह्या दोन माणसांत होतें. जो राजा पंचवीस घोड्यांची तहान मोजतो तो बाकीचें सर्व कांहीं मोजतो. दसऱ्यास फौज बाहेर पडे, आठ महिने मुलूखगिरी करी, पावसाळ्यांत छावणीस येई. निघतांना प्रत्येकाच्या चीजवस्तूची याद होई आणि परत आल्यावर झाडा घेतला जाई. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनीं चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस पाठविलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत पराक्रमाचा एक शब्द नाहीं. दाणा, वैरण, गवत हीं आज बेपर्वाईनें उधळाल तर पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील; मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाजी आणील; आणि रयत म्हणेल, ह्यांच्यापेक्षां मोगल बरे! असा त्याचा आशय आहे. रात्रीं दिवा तसाच ठेवूं नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, इथपर्यंत त्यांत बजावलें आहे. राज्याभिषेकाच्या धामधुमींतल्या राजानें उंदराची काळजी करावी, ह्यापरता मोठेपणा मला दुसऱ्या कोठल्या पत्रांत दिसलेला नाहीं.

पुढें शंभर वर्षांच्या आंत ही व्यवस्था पुष्कळ पालटली. राज्य वाढलें, सरदारांस रोख पगाराऐवजीं सरंजाम मिळूं लागले, पागेपेक्षां शिलेदार वाढले. मोहिमेच्या आरंभीं शिलेदारास जी आगाऊ रक्कम देत तिला ‘नालबंदी’ म्हणत. मुलखांतून जो कर घोड्यांच्या पोटासाठीं वसूल होई त्यास ‘घासदाणा’ म्हणत. त्यांखेरीज पेंढारी असत. त्यांस पगारच नसे, लूट हाच त्यांचा पगार. फ्रान्समधील कातडें सोलणाऱ्यांचे हे चुलतभाऊच म्हणावयाचे. आणि ह्या सर्वांच्या जोडीस आतां नवीन प्रकारचें पायदळ आलें: फ्रेंचांच्या पद्धतीनें कवाईत शिकलेले, बंदुका एका हुकमानें झाडणारे, महिन्याच्या महिन्यास रोख पगार मागणारे गारदी. त्यांचा म्होरक्या इब्राहिमखान पूर्वीं निजामाच्या चाकरींत होता. तेथून निघाल्यावर सदाशिवरावभाऊंनीं त्यास आपल्याकडे घेतलें.

आणि येथें तो प्रसंग येतो जो आपल्या घरापासून हांकेच्या अंतरावर घडला. १७५९ च्या अखेरीस अहमदनगरचा किल्ला पेशव्यांच्या हातीं आला आणि भाऊसाहेब निजामावर चालून आले. सलाबतजंग आणि निजामअली हे दोघे भाऊ धारूरच्या रोखानें निघाले होते. तेथें त्यांस आपली आणखी कुमक मिळावयाची होती. मराठ्यांनीं त्यांस मध्येंच गांठलें. १७६० च्या जानेवारींत उदगीर आणि औसा यांच्यामधल्या टापूंत चकमकी झडूं लागल्या आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजीं औशाजवळ निकराची लढाई होऊन निजामाचा मोड झाला. सुमारें साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर यांसारखीं बळकट स्थळें तहांत मिळालीं. हीच ती उदगीरची लढाई.

मी मुलांस घेऊन दोन्ही किल्ल्यांवर कित्येकदां गेलों आहें. खरोशाचीं लेणीं उजाडतां पाहून औशास जावें, दुसऱ्या खेपेस मांजरा ओलांडून उदगीर पाहावें. औशाचा किल्ला सपाटीवरचा, खोल खंदकाचा, दुहेरी तटाचा. उदगीरचा किल्ला तीन बाजूंच्या दऱ्यांच्या आधारानें उभा राहिलेला. बहामनी राज्यापासून हीं ठाणीं नांदतीं आहेत. शाहजहानच्या सरदारांस १६३६ मध्यें हीं दोन्ही घेतांना किती सायास पडले हें तट पाहूनच कळतें. मुलें धांवत जातात तीं तोफांकडे. तोफेच्या तोंडांत हात घालून पाहिल्यावांचून कोणाचेंही समाधान होत नाहीं, आणि मीही आतां त्यांस अडवीत नाहीं.

गेल्या वर्षीं उदगीरच्या तटावर आम्ही असेच बसलों होतों. मीं लढाईची हकीकत सांगून संपविली. नववींतली एक मुलगी बराच वेळ खालच्या शिवाराकडे पाहत होती, ती म्हणाली, “गुरुजी, लढाई जानेवारींत झाली ना? मग तेव्हां रानांत शाळू उभा असेल.”

मला हा प्रश्न वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. खरोखरच तो हंगाम हुरड्याचा. आमच्याकडे संक्रांतीनंतर शाळवाचें कणीस भरत येतें, आणि कुणब्याचें वर्षाचें अन्न व जनावरांचा वर्षाचा कडबा दोन्ही एकाच ताटावर उभीं असतात. अशा दिवसांत दोन मोठ्या फौजा ह्या टापूंतून पंधरा-वीस दिवस एकमेकींभोंवतीं फिरत होत्या. पुस्तकांत तहाचीं कलमें आहेत, तोफा आहेत, साठ लक्षांचा मुलूख आहे. त्या सालीं ह्या टापूंतील खळ्यांवर मोगा किती पडला, तें कोठें लिहिलेलें नाहीं.

उदगीरच्या विजयानंतर काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. ह्या लढाईपूर्वीं तीनच आठवडे, १० जानेवारीस, दत्ताजी शिंदे यमुनेच्या कांठीं बुराडी घाटावर पडले होते. ती बातमी विजयाच्या मागोमाग दक्षिणेंत आली. परतूरच्या मुक्कामीं खल झाला आणि मार्चच्या मध्यास भाऊसाहेब उत्तरेस निघाले. बरोबर इब्राहिमखानाचे गारदी, उदगीरास यश दिलेला तोफखाना, आणि त्यांमागें यात्रेकरू, बायकामुलें, बाजार. १७ ऑक्टोबर १७६० रोजीं कुंजपुरा घेतला. तेथें धान्याचा मोठा सांठा सांपडला. पण थोड्याच दिवसांत अब्दाली यमुना उतरून आला आणि दिल्लीकडची वाट तुटली. पानिपतावर अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर बसल्या. गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद मारीत होते. डिसेंबरांत ते मारले गेले. त्यानंतर दाणा संपला, वैरण संपली, घोडीं मरूं लागलीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं जें सैन्य बाहेर पडलें तें जिंकण्यासाठीं जितकें पडलें तितकेंच भुकेनें पडलें. इब्राहिमखानाच्या गारद्यांनीं त्या दिवशीं शर्थ केली. तो स्वतः घायाळ होऊन शत्रूच्या हातीं सांपडला आणि ठार मारला गेला. गोलाची लढाई चांगली कीं गनिमी कावा चांगला, ह्यावर विद्वानांचे वाद आजही चालतात. ते चालोत. मला वाटतें, उपाशी घोड्यावर बसून दोन्ही सारखींच कठीण.

पानिपताचा धडा चालू असतां वर्गांत एक शब्द हटकून येतो, तो ‘बाजारबुणगे’. लढाऊ नव्हेत असे जे हजारों लोक फौजेबरोबर होते त्यांस हा शब्द लावितात, आणि मुलें तो लागलीच एकमेकांस शिवीसारखा देऊं लागतात. असाच दुसरा शब्द ‘खोगीरभरती’. निरुपयोगी माणसांचा भरणा, असा त्याचा अर्थ आपण करितों. परंतु ज्यानें घोडा बाळगला आहे त्यास विचारा: खोगिरांत भरती नसेल तर एका मजलेंत घोड्याची पाठ सोलून निघते, आणि पाठ सोललेला घोडा स्वाराच्या काय कामाचा? भाषा कधीं कधीं सरदारांच्या तोंडची असते; ज्याच्यावर आपण बसलों आहों त्यालाच ती हिणविते.

ह्या शब्दांविषयीं मी इतकें बोलतों त्यास घरचें कारण आहे. माझ्या आजोबांचे आजोबा मोमिनाबादच्या, म्हणजे आतांच्या अंबाजोगाईच्या, छावणींत गवत काढण्याच्या कामावर होते. हैदराबाद कंटिन्जंट ह्या फौजेचे रिसाले तेथें असत, आणि ते शिलेदारी पद्धतीचे होते: स्वारांनीं घोडा आपला आणावयाचा, आणि त्याच्या गवताची सोय मिळून करावयाची. त्या सोयीचें नांव म्हणजे आमचे पूर्वज. पहांटे उठून कोसभर जावयाचें, खुरप्यानें हरळी मुळांसकट काढावयाची, माती झाडावयाची, भारा बांधून तट्टावर घालावयाचा. पावसाळ्यांत हें काम सोपें, आणि चैत्र-वैशाखांत खडकावर नखें झिजविण्यासारखें. ती फौज १९०३ सालीं हिंदुस्थानच्या लष्करांत मिळविण्यांत आली. शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धानंतर मोडली. आमच्या घरीं त्यांचें खुरपें पुष्कळ वर्षें होतें. पदक नव्हतें. माझी आजी मात्र सांगे कीं, चांगल्या गवताची पारख त्यांच्याएवढी रिसाल्याच्या साहेबासही नव्हती. आणि तो साहेब स्वतः खालीं उतरून त्यांच्याशीं बोले.

तेव्हां बुणगे कोण, हें ठरवितांना थोडें सावकाश ठरवावें. पानिपतच्या छावणींत यात्रेकरू फार होते आणि त्यांचा भार फौजेस सोसला नाहीं, हें खरेंच. तेथें भाऊसाहेबांनीं कठोर व्हावयास हवें होतें असें माझें मत आहे. परंतु नालबंद, पखालजी, मोतद्दार, बेलदार, आणि बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोणी लादून फौजेमागून शेंकडों कोस जाणारे लमाण हे भार नव्हते. आपल्या तालुक्याच्या तांड्यांतून ज्यांचे वंशज आज राहतात, त्या लमाणांच्या बैलांवांचून दक्षिणेंत कोणत्याही पातशहाची मोठी फौज फार दिवस पोसली गेली नाहीं. त्यांच्या मुलांनीं आमच्या वर्गांत बसून हा इतिहास ऐकतांना मान खालीं घालण्याचें कांहीं कारण नाहीं.

उदगीरहून परत आल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाचा आम्ही गणिताच्या तासास हिशेब केला. खरा आंकडा कोणाकडे नाहीं, म्हणून अंदाजानेंच धरिलें: समजा, तीस हजार घोडीं. घोड्यास चंदीशिवाय दिवसाला कडब्याच्या सहा पेंढ्या धरल्या, तर एक लक्ष ऐशीं हजार पेंढ्या झाल्या. एकरीं पेंढ्या किती निघतात ह्यावर वर्गांत भांडण झालें. काळीच्या रानाचीं मुलें एक आंकडा सांगत, माळाचीं दुसरा. शेवटीं सहाशें धरून भागिलें. उत्तर आलें, रोज तीनशें एकर. ह्यांत हत्ती, उंट आणि तोफांचे बैल धरिलेले नाहींत, आणि निजामाची फौज तर मुळींच धरिलेली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलीचे वडील कांहीं कामानिमित्त शाळेंत आले होते. मुलीनें घरीं हिशेब दाखविला होता. ते माझ्यासमोर उभ्यानेंच म्हणाले, “गुरुजी, तुमचा हिशेब थोडा चुकतोय. घोडं जेवढं खातं त्याच्या दुप्पट तुडवतं.” आणि मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, “त्या सालीं इथल्या लोकांनीं बियाणं कुठून आणलं असंल?”

मुलगी बाजूस उभी होती. तिनें वहींत तीनशें खोडून त्यापुढें नऊशें लिहिलें, आणि खालीं नवीन ओळीवर ‘बियाणें’ असें लिहून पुढील जागा मोकळी सोडली.